चिमट्यातल्या दोन तारा

पणजोबांनी गिरणीतले दिवे सांभाळले, आजोबांनी जळालेल्या विजेच्या मोटारींत नवी तार गुंडाळून वाइंडिंग केले, वडिलांनी मीटर दुरुस्त केले. चौथ्या पिढीतला थोरला मात्र कचेरीत फायली सांभाळी आणि विजेचा नाद सुट्टीच्या दिवशी पुरवी. घराण्याचा ताठा तेवढा त्याच्यात पुरेपूर उतरला होता.

घराला मीटर एक, बिऱ्हाडे दोन. वर थोरला, खाली शिवणयंत्रे चालवणारा धाकटा. बिल फुगले, तसे थोरल्याने तारेभोवती चिमट्यासारखे बसून प्रवाह मोजणारे दोन सेन्सर आणले आणि प्रत्येक मजल्याच्या तारेवर एक बसवला. रविवारी जेवताना सगळ्यांसमोर त्याने आकड्यांचा कागद पुढे केला.

"माझा मजला शून्य. खाली नऊ अँपिअर! आता बोला."

"दादा, माझी एवढी यंत्रं आहेत, नऊ येतील; पण तुझं शून्य कसं?"

"आकड्यांशी भांडतोस?"

धाकटा भरल्या ताटावरून उठला. दुसऱ्या दिवशी त्याने यंत्रांवर चादरी टाकल्या आणि हाताखालच्या कारागिराला काम बंद म्हणून घरी बसवले.

तेव्हा गुडघ्यांना दूषणे देत आत्या जिना चढून आली. वाइंडिंग ती आपल्या वडिलांशेजारी बसून शिकली होती.

"शून्य म्हणे! तुझा गिझर काय आमच्या पुण्याईवर तापतो? दाखव."

वरच्या सेन्सरच्या चिमट्यात अख्खी केबल होती.

"दोन्ही तारा एकत्र धरल्यास, शहाण्या! एकीतून जातो तेवढाच प्रवाह दुसरीतून परततो, बेरीज हाती भोपळा. खाली एकच तार धरलीस, म्हणून तो बिचारा खरा मोजला गेला."

थोरल्याने केबल सोलून एकच तार चिमट्यात धरली. गिझर लावताच आकडा चौदावर गेला. त्याची मान खाली गेली ती वर येईना. आपल्या मजल्यावर केबल सोलायचा त्याने आळस केला होता, आणि शून्य दिसताच त्याला बरेच वाटले होते. असेच बरे त्याला एकदा लहानपणीही वाटले होते. वडिलांकडे दुरुस्तीला आलेला मीटर फुटला, मार धाकट्याने खाल्ला आणि हा गप्प राहिला, त्या दिवशी.

पुढच्या रविवारी जेवायला सगळे जमल्यावर तो उभा राहिला.

"मोजणी माझी चुकली. वीज मीच जास्त जाळतो." तो धाकट्याकडे वळला. "आणि बाबांचा मीटर यानं नव्हता फोडला. मी फोडला होता."

"माहीत आहे," धाकटा म्हणाला. "मी दारातच होतो."

"मग सांगितलं का नाहीस?"

"तू सांगशील म्हणून थांबलो होतो."

चाळीस वर्षांचे ते देणे असे पुरते फिटले. जेवण होताच थोरला खाली गेला, यंत्रांवरच्या चादरी त्याने स्वतः घडी केल्या आणि कारागिराला बोलवायला चपला घातल्या.