शिकंज्यातलं पुस्तक

खळीचा एक थेंब पुठ्ठ्याच्या कडेवरून ओघळत होता, आणि तो बोटानं टिपता टिपता म्हाताऱ्या पुस्तकबांधणीवाल्याच्या लक्षात आलं, की आपण गुणगुणतोय... केव्हापासून? स्वयंपाकघरातली भांडी वाजायची थांबली होती. म्हणजे बायकोनंही ऐकलं.

मनाचा आजार उसळायचा तेव्हा गुणगुणणंच तर पहिलं यायचं. पंचविशीत असंच आलं — मग तीन रात्री झोप नाही, आणि शाळेच्या ग्रंथालयाची दोनशे पुस्तकं त्यानं एकाच लाल कापडात बांधून टाकली, पाठीवर नावं न घालता, कारण पुस्तकांनी आपली ओळख आपणच सांगावी असं त्याला मनापासून पटलं होतं! नंतर आठ महिने खळीचा ब्रश उचलवला नाही. पुढे मधली बरी वर्षं आखडत गेली, खड्डे लांबत गेले... गोळ्या लागू पडायला, आणि त्या न चुकता घ्यायची अक्कल यायला, चाळिशी उलटली.

"आजोबा, तुमचे डोंगर म्हातारे झाले," टेबलाखालून नात म्हणाली. तिच्या मांडीवर त्याची चौकटींची वही — मन वर की खाली, रोज एक ठिपका. आधी सुळके आणि दऱ्या, मग त्यांची दाटी, अलीकडे नुसत्या टेकड्या.

"झिजले गं. पण आहेत अजून."

"आजचा ठिपका कुठे काढू?"

आज छान वाटतंय. पण हे छान वाटणं माझं, की त्या आजाराचं?

बायको हात पुसत दारात आली. "झोप किती झाली?"

"सात तास."

"गोळी?"

"तुझ्यासमोरच तर घेतली."

"आणि ते पुस्तक आत्ताच उघडून बघणार असाल!"

तो हसला. खळ ओली होती. पूर्वी थांबणं जमायचंच नाही. कितीतरी पुस्तकं अशी ओली उघडून फाडली होती. त्यानं पुस्तक शिकंज्यात ठेवलं, दांडा आवळला. "उद्या."

"मग गुणगुणा खुशाल. फक्त सुरात, म्हणजे झालं."

नातीनं मधल्या रेघेच्या एक घर वर ठिपका काढला. "ही टेकडी, की मोठ्या डोंगराची सुरुवात?"

"तेही उद्या बघू," तो म्हणाला, आणि त्याला नवल वाटलं — हे बोलताना उद्याची भीती वाटली नव्हती. आत भांडी पुन्हा वाजू लागली. तुटलेली चाल कुठे राहिली होती, ते तो सावकाश आठवत बसला...