सैपाकघरातले नऊ कैलासवासी

बावीस वर्सं मी सैपाकघर शेनानं सारवलं. गुडघे टेकून. सरकारची पंचवार्षिक योजना सुरू झाली, पन आमच्या घरची काई सुरू होईना. आता गुडघे एकदा टेकले की वर याले तयार नसत. म्हनून यंदा मी मधुकररावाइले सांगून टाकलं, "एक तं फरशी घाला, नाई तं दुसरी बायको करा."

आमचे हे सेलूच्या जिनात, सरकी काढाच्या कारखान्यात, कापूस मोजतात. हात असा आखडता की विचारू नका. फडताळाले दारं लावली ती चहाच्या पेटीच्या फळ्याची, अन् बिजागऱ्या फाटक्या चपलेच्या कातड्याच्या. फरशी मात्र त्याइनं फुकटात आनली. नऊ फरशा, बैलबंडीवर टाकून, मिशीवर ताव देत.

"देवळातल्या हायेत," म्हने.

देवळाच्या मंडपात देनगी देनाऱ्याइच्या नावाच्या फरशा बसनार होत्या. कारागिराले दोन याद्या देल्या, एक जित्याइची, एक मेलेल्याइची. त्यानं अदलाबदल केली. नऊ धडधाकट मानसं 'कै.' झाली अन् फरशा देवळामागं पडून राह्यल्या. आमच्या याइचं नाव मात्र दोन्ही याद्यात नव्हतं, देनगीच देली नव्हती तं!

"अहो, नावं खाली करून बसवा!"

"खालची बाजू खडबडीत हाय. तुहे गुडघे सोलतीन."

बावीस वर्सांत पहिल्यांदा त्याइले माह्या गुडघ्याची आठवन झाली, अन् ती अशी.

तिसऱ्या दिवशी धान्याचे व्यापारी सदाशिवराव आले. पासष्टीचे गृहस्थ. फडताळासमोरच त्याइची फरशी होती, 'कै. सदाशिवराव'.

"वहिनी, माह्या नावावर पाय देऊन राह्यल्या तुमी! माहं आयुष्य कमी होऊन राह्यलं!"

नाव कोनी तुडवू नये म्हनून ते स्वतःच त्याच्यावर मांडी घालून बसले. बसले ते बसलेच. दोनदा चहा घेतला.

त्याच्या दुसऱ्या दिवशी महादेवराव चुलीजवळ, तानबा माठापाशी. आठ दिवसांत नऊच्या नऊ कैलासवासी आपापल्या नावावर हजर! साखर काढाची म्हनलं तं सदाशिवराव उठल्याबिगर फडताळ उघडेना. मी उंबऱ्यात बसून, हात लांबवून, चिमट्यानं भाकरी उलटत होती. मधुकरराव म्हनत, "पाहुने हायेत, काय म्हनता येते!"

शेवटी नऊ जनाइनं ठरवलं, सोमवारी पहारी आनून फरशा उखडाच्या.

पुन्हा शेन, पुन्हा गुडघे. मी रडलीच असती, पन तेवढ्यात सदाशिवराव म्हनाले, "वहिनी, चहात साखर कमी हाय." मंग रडू पळालं अन् डोकं तापलं.

"भाऊजी," मी म्हनलं, "उखडता काऊन? 'कै.' बुजवा अन् 'चि.' कोरून घ्या. चिरंजीव! म्हंजे कधी मरनंच नाई."

नऊ चेहरे फुलले. त्याच कारागिराले बोलावलं. त्यानं 'कै.' मंदी चुना भरला अन् बाजूले 'चि.' कोरलं. खर्च सदाशिवरावाइनं केला. मधुकररावाइले लाज बी नाई वाटली.

दुसऱ्या दिवशी मंडळी खुशीत येऊन बसली. मी कमरेवर हात ठेवून उभी राह्यली.

"चि. सदाशिव, ऊठ बाळा, फडताळातून कपबश्या काढ. चि. महादेव, पानी भर. अन् चि. तानबा, नाक पूस अन् चूल फुंक!"

सदाशिवराव लाल झाले. "वहिनी! हे काय बोलून राह्यल्या?"

"मी नाई बोलली, दगड बोलून राह्यला. 'चि.' लेकराइच्याच नावाले लावतात ना? वाच पाहू."

त्याइनं खाली वाकून वाचलं. बाकीच्याइनंबी वाचलं. मंग आठ जन धोतर सावरत चपला शोधाले पळाले. सदाशिवराव मागं राह्यले. त्याइनं आपली कपबशी मुकाट्यानं विसळली, पालथी घातली अन् गेले.

सैपाकघर रिकामं झालं. मी फरशीवर पाय लांब करून बसली. गार दगड गुडघ्याखाली लागला अन् मले रडूच आलं, सुखाचं.

तेवढ्यात मधुकरराव दारात. "चहा करतेस का वं?"

"तुमचं नाव तं एकाबी फरशीवर नाई," मी म्हनलं. "कुठंबी उभं राहा, अन् मलेबी एक कप टाका."