एक पिशवी, दोन जिल्हे

"जरीनाबाई, पिशवी एक अन् नावं दोन, असं कसं हो?" वडशाच्या रक्तपेढीतल्या अजयभाऊंनी स्क्रीन माझ्याकडे वळवली.

माझी लेक आयत खांद्यावर निपचित होती. तिला थॅलेसेमिया; रक्त चढवायचा दिवस उलटून गेलेला. समोरच्या बाकावर कुरखेड्याकडची रंभा, मांडीवर तिची लेक सुकरी. सुकरीलाही रक्ताचाच आजार, सिकलसेल. दोन्ही पोरींना हवं ओ निगेटिव्ह.

आम्ही दोघींनी ज्या अॅपवर इथली रक्ताची पिशवी राखून ठेवली, त्याचंच काम मी ब्रह्मपुरीत घरी बसून करते. लोक वाढले, अॅप अडकायला लागलं, म्हणून कंपनीने डेटाबेस वाटून टाकले. चंद्रपूर जिल्ह्याचा एक, गडचिरोलीचा एक. एकात केलेली नोंद लगेच दुसऱ्यात जाते. पण सकाळपासून दोन्हींमधली लाइन तुटलेली. वैनगंगेच्या त्या काठावरून मी चंद्रपूरच्या डेटाबेसवर मागितली, या काठावरून रंभाने गडचिरोलीच्या. दोघींनाही उत्तर आलं, पिशवी तुमचीच.

"थांबा, जुडली वाटते लाइन," अजयभाऊ म्हणाले.

स्क्रीन हलली. एकच नाव उरलं. आयत.

दोन्हीकडचं जुळवताना शेवटची नोंद ठेवायची, आधीची पुसायची. हा नियम मला पाठ आहे. म्हणजे रंभाने माझ्या आधी मागितली होती.

"मायं नाव तं होतं न भाऊ आत्ताच? काऊन गेलं?"

"मशीननं काढलं, बाई. मी का करू?"

अजयभाऊंनी माझ्याकडे पाहिलं. मी आयतच्या पाठीवर हात फिरवत राहिले. तिचे ओठ पार पांढरे पडले होते.

"तुमच्या पोरीचं तं झालं, बाई. बरं झालं," रंभा म्हणाली. तिने चिडायला हवं होतं. "जरा मोबाईलमंदी पाहा न, अजून कुठी हाये काय?"

पाहिलं. गडचिरोली, एक पिशवी. खाली बारीक अक्षरांत, तिथल्या रक्तपेढीची शेवटची नोंद काल.

"गडचिरोलीले एक दिसते. पण कालची नोंद हाये. फोन करून पाहू."

तिकडचा फोन वाजून वाजून थांबला, कोणी उचलला नाही. पुन्हा लावला. पुन्हा तेच.

"दिसते म्हणता न? मंग असंनच." तिने सुकरीला कडेवर घेतलं. "गडचिरोलीची गाडी कुठी लागते, भाऊ?"

"चौकात."

ती निघाली. मी आयतला आत नेलं; सिस्टर तिच्या हातावर शीर शोधू लागली.

"पोरीले घट्ट धरा," ती म्हणाली.

मी धरलं.