तोंड दाखवून जा

भारतीला विमानाची भीती होती, पण त्या सकाळी तिचा जीव अडकला होता मोरिवलीत. अंबरनाथच्या कारखान्यांना चिकटलेल्या त्या गावात तिची आई, राजाबाई, अंथरुणाला खिळून होती. मागच्या भेटीत भारती निघायला उठली तेव्हा म्हातारीनं तिचं मनगट सोडलं नव्हतं. "अमेरिकेला जाशील तवा तोंड दाखवून जा गो." बदलापूरहून विमानतळाला जायचं तर मोरिवली वाटेतच. नवऱ्याला, महिपतीला, भारतीनं दहादा बजावलं होतं आणि त्यानंही "जाऊ की" म्हटलं होतं.

तेवढं एक झालं की ती खुशाल निघणार होती. हौस तिचीच होती. महिपती उल्हासनगरला, कॅम्प तीनमध्ये हरेशच्या जीन्सच्या कारखान्यात कटिंग मास्तर. जीन्सच्या कंबरेवर मागे लावायची लेबलं भारती घरी मशीनवर शिवायची. त्यांच्यावर लाल डोंगर, मधोमध चिरलेली दरी आणि खाली तिला न वाचता येणारं इंग्रजी. वर्षानुवर्षं तिनं त्या दरीच्या चारी कडांना टाके घातले. लेक रविना अमेरिकेत नोकरीला लागली, तिनं तिकिटं काढली, तेव्हा भारती म्हणाली, "मला दुसरं काही नको. ती लाल दरी दाखव."

पहाटे महिपतीचा फोन वाजला. तो बाल्कनीत गेला, दार ओढून बराच वेळ बोलला.

"कोण होतं हो?"

"ड्रायव्हर. पत्ता विचारत होता." मग त्यानं हात पुढे केला. "तुझा मोबाइल दे. रोमिंगचं करून ठेवतो." मोबाइल बंद करून त्यानं आपल्याच खिशात टाकला.

मग जाऊबाईंचा तमाशा. तुळशीताई शेजारच्याच बिल्डिंगमध्ये राहायच्या. आदल्या संध्याकाळीच त्यांनी नारळ, खण, तांदूळ काढून ठेवले होते, भारतीची ओटी भरायची म्हणून. सकाळी त्या आल्या त्या हात हलवत. भारतीनं पदर पुढे केला तर म्हणाल्या, "राहू दे. आल्यावर भरू." भारती पाया पडायला वाकली तर त्या दोन पावलं मागे सरकल्या. नुसतं कुंकू तरी लावायचं! तेही नाही. डोळे मात्र पदरानं पुसत होत्या. भारतीच्या अंगाची लाही लाही झाली. हिची स्वतःची लेक बदलापूरच्या पलीकडे गेली नाही, आणि धाकटी जाऊ विमानात बसते म्हटल्यावर हिचं पोट दुखतंय, दुसरं काय!

गाडीत बसल्यापासून तिनं तेच धरून ठेवलं. "बघितलंत ना तुमच्या वहिनीला? जळली मेली."

महिपतीनं घड्याळात बघून ड्रायव्हरला गाडी जोरात घ्यायला सांगितलं.

अंबरनाथ आलं. मोरिवलीचं वळण दिसताच भारती सरसावून बसली. "भाऊ, इथून घ्या आत."

"सरळ चल रे," महिपती ड्रायव्हरला म्हणाला.

"अहो! आई वाट बघत असेल."

"उशीर झालाय, भारती. पुढे ट्रॅफिक आहे. परत आल्यावर निवांत जाऊ."

"दोन मिनिटं. दारातूनच तोंड दाखवते नि येते."

"तुझी दोन मिनिटं मला माहीत आहेत."

वळण मागे पडलं. भारती मान वळवून काचेतून बघत राहिली. इतकी वर्षं संसार केला, पण नवऱ्याचा इतका राग तिला कधी आला नव्हता. आणि उशीर झालेला हा माणूस पुढे कॅम्प तीनच्या गर्दीत गाडी थांबवून जावयासाठी शिवलेल्या जीन्स घ्यायला उतरला! म्हणजे जीन्सला वेळ होता. हरेश पिशवी घेऊन गाडीपाशी आला, काचेतून वाकला आणि हात जोडून म्हणाला, "भाभी, हिंमत रखो. अपने हाथ में क्या है?" विमानाला घाबरते हे यानं हरेशलाही सांगून ठेवलंय तर! भारतीला शरमल्यासारखं झालं. "हां शेठ," ती कसंनुसं हसली.

मग विमान, मधे एका परक्या विमानतळावर ताटकळणं, पुन्हा विमान. खिडकीतला उजेड काही मावळेना. मंगळवारी निघाले आणि पोचले तेव्हा तिकडे मंगळवारच होता. विमानतळावर रविनानं तिला मिठी मारली ती सोडेचना. पोरगी रडत होती. किती दिवसांनी भेटतेय, म्हणून भारतीनं तिची पाठ थोपटली.

तिथून थेट त्या लाल दरीकडे. जावई, विनीत, गाडी चालवत होता. दोन्हीकडे रखरखीत वाळवंट, झाड म्हणून नाही. गाडीत कोणी फारसं बोलत नव्हतं. सगळे दमले असतील, भारती मनाशी म्हणाली.

उन्हं उतरताना ते कड्यावर पोचले आणि भारती सगळं विसरली. तीच दरी! लेबलावरची, पण तळ न दिसणारी. लाल, मग तांबूस, मग जांभळी. ती लहान मुलीसारखी हसली. "अहो, माझा मोबाइल द्या."

महिपती घुटमळला. "इथे नेट नाही."

"फोटोला नेट कशाला लागतंय? द्या इकडे."

त्यानं दिला. तिनं विनीतला फोटो काढायला लावला. दरी मागे, आणि पुढे ती, तोंडभर हसत. तिला लिहिता फारसं यायचं नाही, म्हणून नुसता फोटोच तिनं भावाला, तुषारला, पाठवायला लावला. तो समजेल, आईच्या डोळ्यांपुढे धरेल. राहिलेलं तोंड दाखवणं असं तरी होईल. फोटो मात्र जाईना, नुसताच अडकून राहिला.

"विनीतराव, तुमचं नेट द्या ना जरा."

"अगं, राहू दे—" महिपती म्हणेपर्यंत विनीतनं बटण दाबलंही होतं.

फोटो गेला. आणि त्याच क्षणी मोबाइल थरथरायला लागला, थांबेचना. सगळ्यात वर तुषारचा मेसेज होता. भारती एकेक अक्षर लावत वाचू लागली.

"ताई, आई पहाटे गेली. भावोजी म्हणाले, तू थांबणार नाहीस, उरकून घ्या म्हणालीस. तीन वाजता उचलतोय. निदान फोन तरी उचल."

तिनं तो पुन्हा वाचला. तुळशीताईंचे मोकळे हात तिला दिसले. सुतकातल्या बाईची ओटी कशी भरणार होत्या त्या?

"आई, तुला माहीत नव्हतं?" रविनाचा आवाज फाटला. "पप्पा म्हणाले, तू ठरवलंयस. तिच्यापुढे विषय काढू नको म्हणाले."

भारतीनं नवऱ्याकडे बघितलं. "उरकून घ्या? मी म्हणाले?"

"मग काय सांगणार होतो? माझं नाव घेतलं असतं तर तुझ्या भावानं मला सोडलं असतं?" महिपतीचा आवाज चढला. "तू थांबली असतीस, तर म्हातारी परत येणार होती का? आणि मी कोणासाठी केलं हे? तुलाच बघायची होती ना दरी? बघ की आता."

"आई, फोटो डिलीट कर," रविना घाईनं म्हणाली. "लवकर कर. मामानं बघायच्या आत."

भारतीनं मोबाइल डोळ्यांजवळ नेला. फोटोखालच्या दोन्ही खुणा निळ्या झाल्या होत्या. आईला जाळून आलेल्या त्या घरात, मोरिवलीत, तिचं तोंड पोचलं होतं, दात काढून हसणारं.