सगळ्यांना अंधुक दाखवणारा मास्क

मित्रांनो, मी एक जुना मास्क आहे. तोंड झाकायचा, दवाखान्यातला नव्हे बरं का! समुद्रात पालथं तरंगत पाण्याखालची दुनिया बघायची असली की डोळ्यांवर आणि नाकावर जो चढवतात ना, तो मी. दोन काचा, भोवती मऊ रबर आणि डोक्यामागे अडकवायचा पट्टा, एवढाच माझा संसार. श्वास घ्यायची वाकडी नळी वेगळी असते. ती स्वतःला फार शहाणी समजते, म्हणून तिच्याबद्दल मी आज अवाक्षरही काढणार नाही.

माझा जन्म कारखान्यात झाला. साच्यात गरम रबर ओतलं, थंड झाल्यावर कडा कातरल्या, काचा बसवल्या आणि झालो मी तयार! त्याच दिवशी माझी नऊशे भावंडं जन्मली. सगळी इतकी सारखी की आमच्या आईलाही आम्ही ओळखू आलो नसतो. आई म्हणजे ते साच्याचं यंत्र.

पण माझं नशीब वेगळं निघालं. घड्याळं दुरुस्त करणाऱ्या एका आजोबांनी मला विकत घेतलं. आयुष्यभर बारीक चाकं बघून बघून आजोबांचे डोळे थकले असतील म्हणाल, तर तसं नव्हतं. त्यांना लहानपणापासूनच लांबचं दिसत नसे. हातातलं घड्याळ स्वच्छ दिसे, पण भिंतीवरच्या घड्याळात किती वाजले ते शेजाऱ्याला विचारावं लागे. चष्मा चांगला जाड होता, आणि मास्कच्या आत चष्मा मावत नाही. मग आजोबा मला घेऊन थेट चष्मेवाल्याकडे गेले. त्याने माझ्या साध्या काचा काढल्या आणि आजोबांच्या चष्म्यासारख्या भिंगाच्या काचा बसवल्या. त्या भिंगांची जाडी सगळी काठाला असते, आणि काठ तर माझ्या रबराखाली लपलेला. त्यामुळे बाहेरून कुणाला काही कळायचं नाही.

अकरा वर्षं आजोबा दर सुट्टीत मला घेऊन एका उबदार बेटावर जात. पाण्यातून निघाले की मला गोड्या पाण्याने धुवत, सावलीत वाळवत आणि घड्याळाच्या रिकाम्या डब्यात मऊ फडक्यात गुंडाळून ठेवत. मला वाटायचं, सगळ्याच मास्कांना असं जपतात. भाबडा होतो मी!

अकराव्या वर्षी त्यांचे गुडघे दुखत होते. बोटीतून उतरायला दोघांनी आधार दिला, त्या गडबडीत मी फळीवरच राहिलो. पुढे आजोबा आलेच नाहीत. का, ते मला ठाऊक नाही. मास्कला कुणी पत्र पाठवत नाही.

बोटवाल्या मामांनी मला उचललं आणि आपल्या बहिणीच्या दुकानात नेऊन टाकलं. किनाऱ्यावरचं ते लहानसं दुकान. मास्क, नळ्या आणि पायात घालायची वल्ह्यांसारखी पाती तिथे दिवसापुरती वापरायला मिळतात. समोर लाकडी फळी, मागे खिळ्यांच्या रांगा, कोपऱ्यात गोड्या पाण्याचा टब आणि जमीन कायम ओली. त्या दुकानातल्या मावशींनी मला बाकीच्या मास्कांत लटकवलं, आणि तिथून माझे भोग सुरू झाले.

"अहो, यातून सगळं धुरकट दिसतंय!"

"मावशी, हा घातला की गरगरतं!"

रोज हेच. चांगल्या डोळ्यांवर भिंगाच्या काचा चढवल्यावर दुसरं काय होणार? पण मला बोलता कुठे येतं? मावशींना वाटलं, काचेवर चिकट थर बसलाय. त्यांनी मला टूथपेस्टने घासलं, मग लिंबाने, मग पुन्हा टूथपेस्टने. तोंडात एकही दात नसताना इतकी टूथपेस्ट खाल्लेला जगात मी एकटाच असेन! शेवटी त्या वैतागल्या. "हा मुळातच खराब आहे," म्हणाल्या आणि मला फळीखालच्या पुठ्ठ्याच्या खोक्यात टाकलं. खोक्यात गेलेल्या मास्कचे पट्टे आणि बकलं लागतील तशी काढून दुसऱ्यांना लावतात. माझं डावं बकल पहिल्याच महिन्यात गेलं. चार वर्षं मी तिथे पडून होतो.

मग एके दिवशी ती चौघं आली.

घरदार सोडून दुसऱ्या देशात शिकायला आलेली मुलं ती. एकाच वर्गातली, आणि शिकत काय होती? समुद्रातले जीव! सहामाही परीक्षा संपली म्हणून दोन दिवसांसाठी बेटावर आली होती. एक उंच मुलगी सगळ्यांना वेळापत्रकाने पळवायची, तिला सगळे मुकादम म्हणत. अखंड बोलणारा रेडिओ. बसल्या जागी झोपणारा पेंगळ्या. आणि चौथी जाड चष्म्याची, चष्मिस.

पहिल्या दिवशी ती बोटीवरून परत आली तेव्हा दुकानात नुसता दंगा. मी खोक्यात पडल्या पडल्या सगळं ऐकत होतो.

"मावशी, ऐका ना!" रेडिओ लागला. "आमची चष्मिस पाण्यातून निघाली आणि थेट परक्या बोटीवर चढली! वर त्यांच्यात बसून संत्रं खात होती!"

"त्यांनी सोलून दिलं, नाही कसं म्हणणार?" चष्मिस म्हणाली.

"अगं, ते बारा म्हातारे होते! तुला काहीच कसं वाटलं नाही?"

"मला वाटलं, तुम्हीच टॉवेल गुंडाळून बसलाय."

पेंगळ्यासुद्धा जागा होऊन हसला. मुकादम मात्र हसली नाही. "पुरे. दहा मिनिटं आपण तिला पाण्यात शोधत होतो. चष्मिस, खरं सांग, चष्मा काढल्यावर तुला कितपत दिसतं?"

"दिसतं की! तुमच्याबरोबर कासव नाही का पाहिलं मी?"

"कुठल्या रंगाचं होतं?"

चष्मिस चष्मा पुसू लागली. "कासवाच्या रंगाचं."

"उद्या तू काठावर बसायचंस," मुकादम म्हणाली.

दुसरा दिवस त्यांच्या सुट्टीचा शेवटचा होता. बोटीच्या दोन फेऱ्या असत, सकाळी आणि दुपारी. सकाळच्या फेरीला तिघं गेली. चष्मिस दुकानाच्या पायरीवर बसून राहिली. थोड्या वेळाने म्हणाली, "मावशी, काहीतरी काम द्या. नुसतं बसून डोकं फिरेल माझं."

मावशींनी धुवायला मास्कचा ढीग दिला आणि मग फळीखालचं खोकंही ओढलं. "यातलेही बघ. फुटके असतील ते बाजूला काढ, आज कापून टाकते सगळे."

कापून! माझ्या रबराला घाम फुटला असता, फुटत असता तर.

धुता धुता चष्मिस बोलत होती. परत गेल्यावर त्यांना एक फॉर्म भरायचा होता. पुढची दोन वर्षं समुद्रात उतरून मासे मोजायचे की प्रयोगशाळेत बसून बरण्यांतले तपासायचे, ते त्यात लिहायचं होतं.

"गेल्या महिन्यात डोळ्यांत घालायच्या लेन्स घेतल्या होत्या," ती म्हणाली, "तीन दिवसांत डोळे सुजून टोमॅटो झाले. काल मला कासव दिसलं नाही मावशी, काहीच दिसलं नाही. नुसता हिरवा धूर. शेकडो माशांची नावं पाठ आहेत मला, पण जिवंत एकही पाहिला नाही. बरणीतल्या माशांचे रंग उडालेले असतात. मी आपली प्रयोगशाळाच लिहिते."

"घरी सांगितलंस?"

"आईला काय सांगू? समुद्र शिकायला एवढ्या लांब आले आणि समुद्र दिसतच नाही म्हणून?"

मावशींनी तिच्यापुढे आणखी एक मास्क सरकवला.

टबातलं पाणी उडून चष्मा भिजला म्हणून तिने तो काढून फळीवर ठेवला. मग तिने मला उचललं. तडा गेलाय का बघायला दाराच्या उजेडाकडे डोळ्यांसमोर धरलं आणि तशीच थांबली. मला खाली घेतलं. पुन्हा डोळ्यांसमोर धरलं. खाली. वर. खाली. वर.

"काय गं, माकडचेष्टा करतेस?"

"मावशी... त्या लांबच्या बोटीवर तीन पांढऱ्या रेघा आहेत का?"

"आहेत. मग?"

"आणि माझा चष्मा कुठाय?"

मावशींनी फळीकडे पाहिलं. मग तिच्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं! मला हिसकावून घेऊन स्वतःच्या डोळ्यांना लावलं आणि "अगंबाई, फिरलं डोकं!" म्हणत स्टुलावर बसल्या. "म्हणजे हा खराब नव्हताच? आणि मी याला मेली टूथपेस्ट लावत बसले!"

मामांची बोट परत येईपर्यंत मावशींनी दुसऱ्या मास्कचं बकल काढून माझ्या पट्ट्याला बसवलं. चार वर्षांत पहिल्यांदा कुणाचं तरी बकल मला मिळालं.

मुकादम काही सहजासहजी ऐकणारी नव्हती. "काल लोकांच्या बोटीवर चढलीस, आज काय, जहाजावर?" मग मामा किनाऱ्यावर तीस पावलं लांब जाऊन उभे राहिले आणि बोटं दाखवू लागले. मला घालून चष्मिस ओरडली, "तीन! पाच! आता एक, आणि मामा, तुमच्या शर्टाचं वरून दुसरं बटण तुटलंय!" मामांनी खाली पाहिलं. खरंच तुटलं होतं.

"ये," मुकादम म्हणाली. "पण माझा हात सोडायचा नाही."

दुपारच्या फेरीला आम्ही गेलो. चष्मिसने माझ्या काचेत आतून थुंकी चोळली. नाकं मुरडू नका मित्रांनो, त्याने काचेवर वाफ धरत नाही. मग तिने पाण्यात तोंड घातलं.

मला सगळं नेहमीचंच होतं. पिवळे पट्टेवाले मासे होते, निळे टाचणीएवढे होते, आणि मोठे हिरवे मासे दगड कुरतडत होते, त्याचा करकर आवाज येत होता. पण चष्मिस हलेचना. मुकादमने दोनदा हात ओढला. बरणीत जे सगळे एकाच मातकट रंगाचे असतात, त्यांना आता ती एकेक करून ओळखत होती. नळीतून तिचा आवाज येत होता, "हू! हू हू!" बहुधा ती नावं घेत होती. एक खारट थेंब माझ्या काचेच्या आतल्या बाजूने ओघळला. मी कुठेही गळत नव्हतो, एवढं सांगतो.

मग मुकादमने तिला खडकाजवळ नेलं आणि खाली बोट दाखवलं. कालचं कासव! चष्मिसने पाहिलं. मान वाकडी करून पाहिलं. श्वास रोखून जरा खाली गेली, आणखी जवळून पाहिलं. मग वर येऊन नळी काढली.

"मुकादम, तो दगड आहे."

"काहीतरीच! काल आपण सगळ्यांनी पाहिलं."

"दगड आहे. वर शेवाळ आहे. कालपासून एक इंचही हललेला नाही."

मग चौघंही बोटीपाशी आली आणि शिडीला धरून तरंगू लागली.

"मला पाय दिसले नव्हते," पेंगळ्या हळूच म्हणाला. "पण तुम्ही ओरडलात म्हणून..."

"मी रेडिओने सांगितलं म्हणून ओरडले," मुकादम म्हणाली.

रेडिओ पहिल्यांदाच बंद पडला होता. मग म्हणाला, "मी तर घरी फोन करून सांगितलं. आजीने शेजारीपाजारी सांगितलं असेल एव्हाना."

"मामा, तुम्ही तरी सांगायचं!" मुकादम वर बघत म्हणाली.

"मी कुठे कासव म्हटलं?" मामा वरून म्हणाले. "तुम्ही शिकलेली माणसं, मला वाटलं, तुम्हाला जास्त कळतं."

चष्मिसने सगळ्यांकडे पाहिलं. "मीही खोटं बोलले काल. मला तर दगडसुद्धा दिसला नव्हता."

सगळे एवढे हसले की रेडिओच्या नाकात पाणी गेलं. मग मुकादमने शिडीवर तिचा हात घट्ट धरला आणि तिच्या नेहमीच्या वेळापत्रकी आवाजात सांगितलं, "परत गेल्यावर फॉर्मवर समुद्र लिही. दगडाला दगड म्हणणारं कुणीतरी हवं आमच्यात."

आणि तिने तेच लिहिलं.

मावशींनी मला तिच्याच हाती दिलं. "ने गं. इथे राहिला तर माझा हात पुन्हा टूथपेस्टकडे जाईल," म्हणाल्या. आता मी दर पंधरा दिवसांनी समुद्रात उतरतो आणि मासे मोजायला मदत करतो. उजव्या काचेवर एक ओरखडा आहे, पट्टा दोनदा बदलला आहे, पण दिसतं स्वच्छ.

मित्रांनो, तुम्ही कधी मास्क वापरलात तर त्याला वाळूत टाकू नका, उन्हात तापवू नका. खारं पाणी रबर खातं, म्हणून वापरून झाल्यावर गोड्या पाण्याने धुवा. ही झाली आमच्या जातीची विनंती. माझी स्वतःची एक वेगळी आहे. एखादी वस्तू तुमच्या हाती चालली नाही, तर तिला लगेच खोक्यात टाकू नका. आधी ती शेजारच्याच्या हातात देऊन बघा. मी चार वर्षं खराब म्हणून पडून होतो, पण बिघडलो एक दिवसही नव्हतो.