आखाजीची करवंदं

मी पिंपळनेरजवळच्या टेकडीवरची एक जुनी करवंदीची जाळी आहे. मित्रांनो, मला ओळखायचं तर आधी हात आवरा. माझे काटे जोडीने येतात, फळ तोडलं की देठातून पांढरा चीक निघतो आणि पिकलेलं करवंद काळंभोर असतं. हिरव्याला घाई केलीत तर दात आंबतील; मग माझ्या नावाने बोटं मोडू नका.

हे सारं पायथ्याच्या वस्तीतल्या यशोदाबाईने आपल्या लेकीला, भिकूला, माझ्यासमोरच शिकवलं. भिकू करवंद फोडून बघायची. आत लाल निघालं तर कोंबडा, पांढरं निघालं तर कोंबडी. कोंबडा निघाला की पोरगी टेकडी डोक्यावर घ्यायची. मला ते फार आवडायचं.

पुढे भिकूचं लग्न झालं, पार पहूरला. तिकडे कापूस, केळी, करवंद कुठलं? पण आमच्या खानदेशात सासुरवाशिणी आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी येतात आणि माझी पहिली करवंदंही तेव्हाच काळी होतात. मीही तिची वाट पाहू लागले.

सत्त्याऐंशीच्या उन्हाळ्यात यशोदाबाईच्या घरच्या बैलाच्या खांद्याची जखम चिघळली, आत अळ्या पडल्या. अशा जखमेवर माझं मूळ उगाळून लावायची इथली रीत. भिकूचा बाप मोतीलाल कुदळ घेऊन आला आणि मला चहूबाजूंनी खणायला लागला. यशोदाबाई मधे उभी राहिली, सगळं मूळ खणू देईना.

"बठ्ठं मूळ नका खंदू," ती म्हणाली. "भिकू आखाजीले ई, तवय तिले काय देऊ मी?"

मोतीलालने एकाच बाजूचं मूळ घेतलं आणि वर माती ओढली. बैल बरा झाला. माझी ती बाजू वाळली. उरलेली मी जिवापाड जपली.

भिकू त्या आखाजीला आली नाही. सासू आजारी होती. पुढच्या वर्षीही तिला धाडलं नाही. यशोदाबाई माझ्याजवळ बसून रस्त्याकडे पाहायची आणि माझी करवंदं गळून जायची. जीव तुटायचा माझा.

मग एका आखाजीला भिकू आली. यशोदाबाई मात्र त्याआधीच्याच हिवाळ्यात गेली होती. मोतीलालने वाळकी बाजू दाखवून आईचं बोलणं तिला सांगितलं. भिकूने हिरव्या बाजूची करवंदं ओटीत घेतली, पण एकही फोडलं नाही, तोंडात टाकलं नाही. आखाजीला घरोघर गेलेल्यांच्या नावाने पाण्याची घागर भरतात. ही करवंदं आईच्या घागरीवर ठेवते, असं बापाला सांगून ती टेकडी उतरली.

मित्रांनो, माझं मूळ हवं तर जरूर न्या. एक बाजू मात्र राहू द्या. कुणीतरी माहेरी येणार असतं.