नऊ गाड्या आणि पाच देश

मी एक जुने रेल्वे वेळापत्रक आहे, मित्रांनो. स्टेशनच्या भिंतीवर चिकटवतात तसले एका पानाचे नव्हे. चांगले अकराशे पानांचे, विटेसारखे जाडजूड पुस्तक. कितीतरी देशांच्या गाड्या माझ्या पोटात आहेत.

छापखान्यात मी तयार होत होते, तेव्हा दोन मुद्रितशोधक समोरासमोर बसत. एक आकडे मोठ्याने वाची, दुसरा बोट ठेवून तपासी. "सहा चव्वेचाळीस." "आहे." "सात दोन." "आहे." असे दिवसच्या दिवस चाले. एकदा दुसऱ्याला डुलकी लागली, तर पहिला म्हणाला, "जागा राहा बाबा. इथे आकडा चुकला, की तिकडे कुणाची तरी गाडी चुकली." ते ऐकून मला माझ्या कामाचा केवढा अभिमान वाटला!

पुढे मी एका मोठ्या स्टेशनच्या चौकशी खिडकीत आले. तिथल्या बाईंना सगळे चौकशीबाई म्हणत. त्या मला एका हाताने उघडत आणि बरोबर हवे ते पान निघे. लोक त्यांचे कौतुक करत, त्या माझ्यावर थाप मारून म्हणत, "माझं कसलं? सगळं ह्याच्यात आहे."

मग खिडकीत संगणक आला. त्याचा पडदा बाईंच्या डोळ्यांना फार खाली येई, म्हणून कुणीतरी मला त्याच्या खाली सरकवले. ज्याने माझी जागा घेतली, त्याचेच ओझे माझ्या डोक्यावर! नऊ वर्षे मला कुणी उघडले नाही. बाई निवृत्त झाल्या, त्या दिवशी त्यांनी साहेबांना विचारले, "हे घरी नेऊ?" साहेब म्हणाले, "रद्दीच आहे ती. न्या की."

बाईंचे घर म्हणजे शिंप्याच्या दुकानावरच्या दोन खोल्या. तो शिंपी म्हणजे बाईंचे यजमान. मला तिथे कपाटात जागा मिळाली. आता उरलेले आयुष्य असेच जाणार, असे मी धरून चालले होते. पण एके सकाळी एक पत्र आले.

शिंपीकाकांचे थोरले भाऊ इथून चौथी सरहद्द ओलांडून, पार पाचव्या देशात राहत. काकांना हातात सुई धरायला शिकवले ते ह्याच दादांनी. पत्र दादांच्या मुलीचे होते. "बाबांना झटका आला. हातपाय चालतात, पण बोलणं गेलं. फोन कानाला लावला की नुसते ऐकतात आणि रडतात. डॉक्टर म्हणतात, पुन्हा झटका येऊ शकतो. काका, ह्याच उन्हाळ्यात येता आलं तर बघा."

काकांनी पत्र घडी करून ठेवले. कानाच्या ऑपरेशननंतर त्यांना विमानाची कायमची बंदी होती. बाई प्रवासी कंपनीत विचारून आल्या. तिथला माणूस हसून म्हणाला, "काकू, विमानाने चार तास लागतात. रेल्वेने इतक्या लांब कोण जातं हो?"

घरी येऊन बाईंनी मला कपाटातून काढले, धूळ झटकली आणि टेबलावर उघडले.

"अहो, दुकानाला तीन आठवड्यांची सुट्टी द्या."

"तीन आठवडे? मी दोन दिवसांच्या वर कधी दुकान बंद ठेवलंय का?"

"नाही ठेवलंत, म्हणूनच. जन्मभर लोकांना गावोगाव पाठवलं मी. आता आपण जायचं. आणि नुसतं धावत सुटायचं नाही, बघत बघत जायचं."

मग सुरू झाली तयारी. बाई रोज स्टेशनवर जाऊन नव्या वेळा विचारून येत आणि माझ्या जुन्या आकड्यांशेजारी पेन्सिलीने लिहीत. मित्रांनो, मला तोंड लपवावेसे वाटले. माझे जवळजवळ सगळे आकडे खोटे ठरत होते! बाई मात्र म्हणाल्या, "वेळा बदलायच्याच. रूळ थोडेच उठून चालायला लागतात?"

आणि एके दिवशी ते खरे ठरले. तिसऱ्या देशात जाणारा मोठा मार्ग दुरुस्तीसाठी बंद निघाला. संगणक म्हणे, गाडी नाही. बाई माझ्या पानापानांतून बोट फिरवत राहिल्या आणि चारशे अठराव्या पानावर थबकल्या. तिथे डोंगरातून जाणारी एक बारकी गाडी होती. तीन डब्यांची. मोठ्या मार्गाला वळसा घालून ती पलीकडे उतरत होती.

"मिळाली!" बाई ओरडल्या. "फक्त जंक्शनवर पुढची गाडी पकडायला सात मिनिटं आहेत."

"आणि चुकली तर?"

"तर दुसरी गाडी दुसऱ्या दिवशी. मग पुढचं समुद्रापलीकडे नेणारं जहाज गेलं, आणि सगळंच कोलमडलं."

काकांनी पेन्सिल उचलून बाईंच्या हातात दिली. "लिही," ते म्हणाले.

अशी नऊ गाड्यांची यादी झाली. मला बाईंच्या खांद्यावरच्या पिशवीत जागा मिळाली. जन्मापासून मी गाड्यांविषयी सांगत होते, पण गाडीत मी कधी बसलेच नव्हते!

पहिल्याच सरहद्दीवर मी थक्क झाले. पलीकडच्या देशाचे रूळ जास्त रुंद होते. माझ्या पानावर एवढेच छापले होते: 'येथे दोन तास थांबा.' तिथे माणसांसकट आमचे डबे एकेक करून वर उचलले गेले. खालची चाके घरंगळत बाजूला गेली, दुसरी आली. काका खिडकीतून वाकून बघत होते. "अगं, गाडीचे बूट बदलताहेत!" ते म्हणाले आणि डब्यातले सगळे हसले.

मग डोंगर आला. बारकी गाडी एका बोगद्यात शिरली आणि अंधारात गोल गोल चढत बाहेर पडली, तेव्हा मघाशी आपण ज्यावरून आलो तो पूल आमच्या खाली काडीएवढा दिसत होता. हा डोंगर माणसांनी आतून कोरला होता, आणि माझ्या पानावर त्या जागी होती नुसती एक रेघ. काका म्हणाले, "ज्यांनी हे केलं त्यांचे हात बघायला हवेत एकदा."

पण ती गाडी जंक्शनला चार मिनिटे उशिरा पोचली. उरली तीन. बाई पुढे, काका मागे, मध्ये जिना. जिन्याच्या वरच्या पायरीवर पिशवीचा बंद तुटला, मी खाली आदळले आणि माझी पाठ फुटली. पाने फलाटभर उडाली.

"सोडा ते! चला!" बाई ओरडल्या.

"सोडून कसं चालेल?" काका गुडघ्यांवर बसले होते. "ह्याच्यावरच तर इथवर आलो आपण!"

समोरच्या गाडीचा गार्ड शिट्टी तोंडात धरून उभा होता. त्याने घड्याळ पाहिले, मला पाहिले, आणि शिट्टी खिशात टाकून तोही पाने गोळा करायला खाली उतरला. त्या देशाची भाषा बाई-काका दोघांनाही येत नव्हती. पाने काकांच्या हाती देताना त्याने त्यातले एक उलटून पाहिले आणि त्याचा चेहरा उजळला. त्या पानावर त्याची स्वतःची गाडी होती. त्याने तिच्यावर बोट ठेवून छातीला हात लावला. मग दोघांना हाताला धरून डब्यात चढवले आणि तेव्हा कुठे शिट्टी वाजवली.

त्या दिवशी दुपारी आमची गाडी जहाजात शिरली. हो, अख्खी गाडी! जहाजाच्या पोटात रूळ होते. गाडी त्यांवर जाऊन उभी राहिली, दार मिटले आणि समुद्र सुरू झाला. माझ्या पानावर तिथे मुगाच्या दाण्याएवढे एक जहाज छापलेले होते. आजवर मला वाटे, ती शाईची नक्षी आहे.

नववी गाडी थांबली, तेव्हा फलाटावर दादा उभे होते, लेकीचा हात धरून. काका जवळ गेले. दादांनी धाकट्या भावाच्या कोटाची कॉलर उलटी केली, शिवण अंगठ्याने चाचपून पाहिली, आणि मान डोलावली. पसंत! काका त्यांच्या खांद्यावर डोके ठेवून रडले.

घरी गेल्यावर दादांनी माझी फुटकी पाठ पाहिली. त्यांनी जाड सुई आणि मेण लावलेला दोरा आणला. एका बाजूने दादा, दुसऱ्या बाजूने काका, असे दोन दिवस दोघे मला शिवत बसले. बोलण्यावाचून काही अडले नाही.

शिवून झाल्यावर दादांनी नकाशाचे पान उघडले. आपल्या गावावर बोट ठेवले आणि ते रेघेवरून वर वर नेले, पार जिथे रेघ संपते तिथपर्यंत.

"तिथे काय आहे, बाबा?" मुलीने विचारले. दादांनी खांदे उडवले. त्यांनाही माहीत नव्हते.

बाईंनी चष्मा चढवला. "दोन गाड्या बदलाव्या लागतील. सकाळची घेऊ."

चौघे गेले आणि मीही गेले. शेवटच्या स्टेशनाच्या पुढे रूळ थोडेसे गवतात शिरले आणि थांबले. पलीकडे जमीन नव्हती. होते फक्त पाणी, आणि पाण्यातून सरळ उभे राहिलेले बर्फाचे डोंगर, आणि त्यांवर इतका उजेड की कुठे काय संपते हे कळत नव्हते. काका काहीतरी म्हणायला गेले. बाईही गेल्या. दादांची मुलगीही गेली. पण दादांसारखेच त्या तिघांनाही शब्द सापडेनात. चौघे एका ओळीत उभे राहून नुसते पाहत होते.

मित्रांनो, आता माझ्यातला एकही आकडा खरा नाही. तरीही कुणाचे आकडे जुने झाले, कुणाचे बोलणे गेले, म्हणून त्याला रद्दीत काढू नका. जरा उघडून पाहा. वाट त्याला अजून माहीत असते.